खोल्या मोजू नका, कामं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन बेडरूम, हॉल, किचन आणि माणसं पाच. नवराबायको, १४ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि आजी. आईचं ऑफिसचं काम आठवड्यातले ३ दिवस घरून. जेवण, होमवर्क, लॅपटॉप, इस्त्री, मुलाचं रंगकाम हे सगळं एकाच डायनिंग टेबलावर चालतं आणि रोज संध्याकाळी त्या टेबलावरून वाद होतात. भिंती न पाडता, घर फर्निचरने न भरता प्रत्येक गोष्टीला तिची जागा देता येईल का?

येईल. आणि मी हे खात्रीने सांगते कारण २० वर्षांहून जास्त मी हेच करतेय, लोकांची राहती घरं नीट लावून द्यायचं काम, आणि जवळपास प्रत्येक घरात पहिली तक्रार हीच असते की जागा कमी पडते, मग टेप घेऊन मोजायला बसलं की कळतं जागा आहे, पण दिवसातला बराच वेळ ती कुणाच्याच उपयोगाची नाहीये. बेडरूम म्हटलं की ती झोपायची, म्हणून दिवसाचे १४-१५ तास ती रिकामी, आणि तेव्हाच हॉलमध्ये चार जण चार कामं घेऊन एकमेकांच्या अंगावर. आपण घराचा विचार खोल्यांच्या नावाने करतो ना, तिथेच गाडी अडते.

म्हणून पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नका, काहीही हलवू नका. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा आणि ७ दिवस सगळ्यांनी त्यावर लिहायचं: काय केलं, कुठे बसून, किती वाजता, सामान कुठून आणलं आणि परत कुठे गेलं, आणि कुणाचा त्रास झाला. मुलांनापण लिहू दे, आजींचं त्यांना विचारून कुणीतरी लिहा. मला यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो तो सामानाचा. तुमच्याकडे बहुतेक असं निघेल की रंग बेडरूमच्या कपाटात वर, इस्त्री बाल्कनीजवळ, चार्जर टीव्हीमागे, वह्या दप्तरात, म्हणजे टेबल सोडून सगळं लांब. मग एकदा टेबलावर आलेलं सामान परत जायला नको म्हणतं, कारण परत ठेवायला घरभर फिरावं लागतं.

टेबलावरून जे वाद होतात ते मला विचाराल तर जागेचे कमी आणि आवरण्याचे जास्त असतात. मी प्रत्येक कोपऱ्याला एकच कस लावते: काम सुरू करायला किती वेळ लागतो आणि उठताना आवरायला किती. माझा अनुभव असा की आवरायला २ मिनिटांच्या वर लागत असेल तर दमलेलं माणूस आवरत नाही, मग ते कितीही शिस्तीचं असू दे. त्याला बोलून उपयोग नाही, सामानाची जागा बदलावी लागते.

या विचाराला जुना इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. १९२६ मध्ये मार्गारेट श्यूटे-लिहोत्झ्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या घरांसाठी एक किचन डिझाइन केलं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं, म्हणजे सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट. प्रेरणा त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या छोट्या किचनवरून घेतली होती, आणि घरकाम करताना बाई किती पावलं चालते, किती वेळा वळते याचा हिशोब करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. त्यात कोरड्या सामानासाठी अॅल्युमिनियमचे नावं घातलेले ड्रॉवर होते, छतावरच्या पट्टीवर सरकणारा दिवा होता आणि भिंतीवरून खाली उघडणारा इस्त्रीचा बोर्ड होता. तुमच्या इस्त्रीच्या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय बघा! अशी हजारो किचन बसवली गेली. पण त्यातच एक मोठी अडचणही होती, त्यात एकच माणूस मावायचं, त्यामुळे मदतीला दुसरं कुणी आलं की धक्काबुक्की, आणि जी बाई आत ती एकटी. मी नवीन मुलींना हे काम शिकवते तेव्हा या किचनच्या दोन्ही बाजू सांगते, कारण पावलं वाचवणं महत्त्वाचंच आहे पण घरातलं माणूस एकटं पडणार नाही हेही तितकंच बघायचं असतं.

आता तुमचं घर घेऊ.

डायनिंग टेबलावर जेवण राहू दे आणि मुलाचं रंगकाम राहू दे, बाकी तीन गोष्टी तिथून हलवा. ७ वर्षांच्या मुलाला वेगळ्या खोलीत टेबल करून दिलं तरी तो तिथे बसत नाही, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता त्या वयासाठी स्टडी टेबल करायचा आग्रह कुणी धरला तर मी आधी थांबवतेच. लहान मुलाला मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात लागतं, मध्येच काहीतरी दाखवायचं असतं, विचारायचं असतं. त्याला किचनच्या जवळचं टेबलच बरं. फक्त त्याचं सगळं सामान एका चाकाच्या ट्रॉलीत घाला, तीन कप्प्यांची उभी ट्रॉली मिळते ती, वरच्या कप्प्यात रोजचं, मधल्यात रंग, खाली कागद, आणि ती टेबलाच्या कडेला उभी करा. टेबलावर घालायला पुसता येणारी एक चटई. जेवायची वेळ झाली की चटई गुंडाळायची, ट्रॉली ढकलायची, संपलं. हे तो स्वतः करू शकतो आणि तेच महत्त्वाचं आहे. अजून एक, मोठ्यांच्या खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळत असतील, पायाखाली छोटा स्टूल द्या, पाय टेकले की मूल जास्त वेळ स्थिर बसतं.

आईच्या ऑफिसला मात्र बेडरूम. मला माहितेय लगेच मनात येईल की झोपायच्या खोलीत काम नको, आणि ते खरंही आहे, त्यावर खाली लिहिते. पण मीटिंगला बंद होणारं दार लागतं आणि हॉलला दार नाही. बेडरूममध्ये जिथे खिडकी आहे तिथे टेबल असं लावा की उजेड बाजूने येईल, खिडकी तोंडासमोर आली तर डोळे दिपतात आणि पाठीमागे आली तर स्क्रीनवर चकाकी येते आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसतो. हाताने लिहायचं काम जास्त असेल आणि उजवा हात असेल तर उजेड डावीकडून. टेबलाची उंची साधारण २९ ते ३० इंच चालते पण उंची माणसाप्रमाणे बघायची, खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर काटकोनात येऊन हात टेबलावर आला पाहिजे, आणि खुर्ची वर करून पाय अधांतरी राहिले तर खाली पाट. स्क्रीन हाताच्या अंतरावर, तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. नुसता लॅपटॉप टेबलावर ठेवला की मान खाली जातेच, तेव्हा लॅपटॉप उंच करून कीबोर्ड वेगळा घ्या. खुर्चीच्या मागे ३ फूट मोकळे ठेवा, नाहीतर दर वेळी उठताना बेडला आपटणार.

टेबल २० इंच खोल, भिंतीला फोल्ड होणारं केलंत तरी चालेल, पण लॅपटॉप, वायरी, वही हे सगळं त्याच्या शेजारच्याच कपाटात, झाकण लागेल अशा जागी. संध्याकाळी ते झाकण बंद व्हायलाच पाहिजे. उघड्या शेल्फवर ऑफिसच्या फायली ठेवल्या की बेडवर पडल्या पडल्या त्या दिसतात आणि डोकं चालू होतं.

झोपेचं आता सांगते. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशासाठी एक पद्धत मांडली, आजही ती वापरतात. त्याचा गाभा साधा आहे: बेडवर झोप येईल तेव्हाच जायचं, बेडवर बसून काम, टीव्ही, खाणं नाही, आणि झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे जायचं, परत झोप आली की यायचं. म्हणजे बेड आणि झोप यांची मनात जोडी पक्की करायची. आमच्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बेडरूममध्ये टेबल आलं तरी बेड हे ऑफिस होऊ देऊ नका. टेबलाकडे तोंड करून बसलं की बेड दिसणार नाही, बेडवर पडलं की टेबल दिसणार नाही, अशी दोन्हींची दिशा फिरवता येते का बघा, बऱ्याचदा बेड नुसता ९० अंशात वळवून हे जमतं. आणि संध्याकाळनंतर त्या खोलीत पिवळसर उजेड, २७०० ते ३००० केल्विन असं बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ते. टेबलाचा दिवा जरा पांढरा, ४००० केल्विनचा, वेगळा, वेगळ्या स्विचवर. एकाच पांढऱ्या ट्यूबवर सगळं चालवलं की सकाळचे ११ आणि रात्रीचे ११ सारखेच वाटतात, आणि त्या खोलीत दोन वेगळ्या जागा कधी तयारच होत नाहीत.

यावरून आठवलं, भिंतीशिवाय जागा वेगळी कशी दाखवायची असं बरेच जण विचारतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जोरदार साधन उजेड. त्यानंतर खुर्चीची दिशा. त्यानंतर खाली घातलेला गालिचा किंवा सतरंजी. पार्टिशन मी शेवटी सुचवते. हॉलमध्ये एका कोपऱ्यात स्टँडचा दिवा लावून मोठा दिवा बंद केला की तो कोपरा आपोआप खोलीसारखा वाटतो. उघडं शेल्फ मधोमध उभं करून दोन भाग पाडणार असाल तर ते भिंतीला किंवा छताला पक्कं ठोका, घरात ७ वर्षांचा मुलगा आहे, तो चढणार, उंच फर्निचर अंगावर पडायचे अपघात फार वाईट असतात. पुस्तकांचं वजन लोक फार कमी धरतात, ३ फुटांची भरलेली फळी २०-२५ किलोची सहज होते, १८ एमएमचं प्लाय घेऊन ३ फुटांपेक्षा लांब फळी मध्ये आधार न देता केली तर वर्षा-दोन वर्षांत झोळ येतो. जड पुस्तकं खाली.

आवाजाबद्दल एक गैरसमज दूर करते. जाड पडदे, गालिचे, गाद्या यांनी त्याच खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बोलणं स्पष्ट ऐकू येतं, पण शेजारच्या खोलीतला मिक्सर काही त्याने थांबत नाही. आवाज फटीतून येतो. दाराखालची बोटभर फट बंद करा, दाराखाली लावायची रबराची पट्टी मिळते, दाराच्या चौकटीला फोमची पट्टी, आणि दार पोकळ असेल तर त्याच्यामागे जाड काहीतरी टांगा. पडद्यांवर खर्च करण्याआधी हे करा.

१४ वर्षांच्या मुलीसाठी उलटा विचार. तिला एकांत लागतो. दुसऱ्या बेडरूममध्ये आजी आणि दोन्ही मुलं झोपत असतील असं मी धरून चालतेय. तिथे तिचं टेबल, पण फक्त टेबल देऊन भागणार नाही, तिच्या मालकीचा एक ड्रॉवर किंवा कप्पा ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि रोज काही ठरलेले तास ज्या वेळी ती खोली तिची. आजी तेव्हा हॉलमध्ये, भाऊ टेबलावर. छोट्या घरात वेळ हीसुद्धा जागाच असते, आणि ती लिहून ठेवली तर पाळली जाते. एक घर मला आठवतं, दोन बहिणी एकाच खोलीत, रोज भांडण, फर्निचर तीनदा हलवून झालं होतं. शेवटी ४ ते ६ एकीची आणि ६ ते ८ दुसरीची एवढं ठरवून दाराला लावलं आणि त्याच फर्निचरमध्ये शांतता आली. मी तिथे एक खिळासुद्धा ठोकला नाही.

इस्त्रीला भिंतीवरचा फोल्डिंग बोर्ड, कपड्यांच्या कपाटाजवळ, शेजारी पॉइंट, आणि गरम इस्त्री ठेवायला मुलाचा हात पोचणार नाही अशी उंचावरची, उष्णता सोसणारी धातूची जागा. व्यायामाला वेगळी जागा ठेवायची गरज नाही, मॅट ६ फूट बाय २ फूट असते, तिच्या दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढं मोकळं पाहिजे, ते हॉलमधलं मधलं टेबल हलकं आणि सरकणारं असलं की होतं. मॅट मात्र डोळ्यांसमोर उभी ठेवा, कपाटात गेली की व्यायाम गेला.

आता आजींची जागा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण प्रश्नात त्यांचा नुसता उल्लेख आहे, त्यांना काय हवंय ते नाही. बहुतेक घरांत म्हातारं माणूस सगळ्यांच्या वेळापत्रकातून उरलेल्या जागेवर बसतं, टीव्ही बघणाऱ्यांनी सोफा घेतला की बेडवर, बेडरूममध्ये अभ्यास सुरू झाला की हॉलमध्ये. हे मला बघवत नाही. घरात एक खुर्ची त्यांची असू दे, दिवसभर त्यांचीच. सीट १७-१८ इंच उंच, खूप मऊ नको, दोन्ही बाजूंना हात, म्हणजे हातावर भार देऊन उठता येतं, खोल सोफ्यातून उठताना गुडघ्यांवर सगळा ताण येतो. ती हॉलमध्ये अशी ठेवा की दार दिसेल, खिडकी दिसेल, आणि येणारं-जाणारं माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलून जाईल. डाव्या किंवा उजव्या हाताला छोटं टेबल, त्यावर चष्मा, पाणी, औषधं, फोन. आणि दिवा. वयाबरोबर डोळ्यात कमी उजेड पोचतो, साठीतल्या डोळ्याच्या आत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड जातो, म्हणून तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना वाचायला पुरत नाही. वाचायचा दिवा खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा. खुर्चीपासून बाथरूमपर्यंत ३ फुटांची वाट पूर्ण मोकळी, मध्ये वायर नाही, कडा दुमडणारी सतरंजी नाही, मुलाची ट्रॉली नाही, आणि रात्री त्या वाटेवर पायाशी मंद दिवा.

मी एका घरात खिडकीशी वाचायचा कोपरा केला होता, खूप मनापासून, छान बैठक, उशा, वर शेल्फ. सहा महिन्यांनी गेले तर त्यावर धुतलेले कपडे. कारण विचारलं तर कळलं की कप ठेवायला जागा नव्हती आणि फोन चार्ज करायला पॉइंट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन गोष्टी. एक छोटं स्टूल आणि एक एक्स्टेंशन दिल्यावर त्याच आठवड्यात तिथे माणूस बसायला लागलं. तेव्हापासून कुठलीही जागा झाली म्हणण्याआधी मी स्वतः तिथे अर्धा तास बसून बघते, आणि उठावं का लागलं ते लिहून काढते. तुम्हीही हे करा, प्रत्येक जागेसाठी, आणि ज्याची जागा त्यालाच बसवा.

दाराजवळ चाव्या, बॅगा, हेल्मेट, दप्तरं यांना हुक आणि एक उथळ फळी, मुलांचे हुक मुलांच्या उंचीवर. यात फार डोकं लावायचं नाही, पण हे नसेल तर ते सगळं डायनिंग टेबलावरच येऊन पडणार हे लक्षात ठेवा.

हे सगळं करायच्या आधी जमिनीवर मास्किंग टेप लावून प्रत्येक टेबलाचा, खुर्चीचा, ट्रॉलीचा आकार आखा आणि १५ दिवस तसंच वापरा, टेबलाच्या जागी जुना खोका किंवा पाट ठेवून. चालताना कुठे अडतं, दार कुठे लागतं, कुठला कोपरा कुणीच वापरत नाही, सगळं कळतं, आणि टेप सोलून दुसरीकडे लावायला काही लागत नाही. आणि ज्या वस्तूंना फ्रिजवरच्या यादीतलं कुठलंच काम लागू होत नाही, त्या एका खोक्यात घालून वर तारीख लिहा, सहा महिन्यांत खोकं उघडलं नाही तर त्यांची जागा तुमच्या घरात नाहीये.

कारपेंटरच्या आधी इलेक्ट्रिशियन. फर्निचर पुढे सरकवता येतं, पॉइंट सरकत नाही, आणि पॉइंट नसला की एक्स्टेंशन बोर्ड येतो, वायर वाटेत येते, मग कुणीतरी अडखळतं. इस्त्रीला कधीच एक्स्टेंशन नको, तिला जास्त लोडचा वेगळा पॉइंट. टेबलापाशी पॉइंट टेबलाच्या वर ४-६ इंचांवर घ्या, म्हणजे प्लग काढायला खाली वाकावं लागत नाही. आणि आजींच्या खुर्चीपाशी दोन घ्या, एक दिव्याला आणि एक फोनला, बसल्या जागी त्यांचा हात पोचेल अशा उंचीवर.